नव्या टायरांची घाई

खाजणवाडी,
३० नोव्हेंबर २०२५

प्रिय लिनो,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. माझा फोन खाऱ्या पाण्यात पडला आणि आता तांदळाच्या डब्यात झोपलाय. तो उठेल असं तुझ्या सलोनीवहिनीला वाटतं, मला वाटत नाही. ब्लेझ मासळीचा टेम्पो घेऊन म्हापशाला निघालाय, त्याच्याकडे हे देतोय. शुद्धलेखन तपासू नकोस. तुझ्या मायने, म्हणजे आपल्या बाईंनी, चौथीत माझ्यावर जेवढी मेहनत घेतली तेवढी तुझ्यावरही घेतली होती, आणि दोघांचा निकाल गावाला ठाऊक आहे.

गावपळण पार पडली. मंगळवारी सकाळी घरांना कुलपं लावून सगळा गाव गुरं-कोंबड्यांसकट वेशीबाहेर झोपड्यांत गेला, आणि शुक्रवारी देवाचा कौल झाल्यावर आत आला. तीन दिवस गावात चिटपाखरू नव्हतं. बाई आमच्याच झोपडीत होत्या. त्यांची काळजी करू नकोस.

काम असं आहे. पर्यटकांना किनाऱ्यावर फिरायला देतो त्या माझ्या चारचाकी एटीव्हीला मागचे दोन टायर हवेत, लगेच. आता आहेत त्या नक्षीचे नकोत. दुसरी कुठलीही नक्षी चालेल. आठवड्याच्या आत पाठवलेस तर बरं होईल, पर्यटक वाढायला लागलेत. जुने टायर ब्लेझबरोबर तुझ्याकडेच पाठवून देईन. इथे ठेवून काय करू?

तुझा,
मंगेश

म्हापसा,
३ डिसेंबर २०२५

प्रिय मंगेश,

पत्र मिळालं. दुकानात सगळ्यांना दाखवलं की आमच्या गावात अजून टपाल चालतं.

आता धंद्याचं बोलू. "दुसरी कुठलीही नक्षी चालेल" असं टायरवाल्याला सांगणं म्हणजे डॉक्टरला "कुठलीही गोळी द्या" म्हणण्यासारखं. तुझी गाडी स्पोर्ट आहे. बाकीच्यांच्या ढोबळ गाड्यांसारखी चारी चाकांनी ओढणारी नाही. सगळा जोर मागच्या दोन चाकांवर, म्हणून मागचा टायर चुकला की गाडी चुकली. वल्ह्यासारख्या पट्ट्यांचे टायर कोरड्या, भुसभुशीत वाळूत उडतात, पण आपल्या ओल्या किनाऱ्यावर ते नुसते खड्डे काढतील आणि गाव तुला शिव्या घालील. मोठ्या बटणांचे टायर चिखलासाठी. तुला हवेत बुटक्या, जवळजवळच्या बटणांचे, वीस इंच उंच, दहा रुंद, नऊच्या रिमवर बसणारे. हवा चार-पाच पौंड, जास्त नको. नेमके असेच टायर मी तुला गणपतीनंतर दिले होते. बाणाच्या टोकासारखी नक्षी, बेळगावहून आणलेला एकच जोड. तू ते उलटे बसवलेस तेव्हा मी डोकं आपटलं, आणि तू म्हणालास, "उलटे आसत तर वाळू कमी खणतत." बरं, तुझी गाडी, तुझं शहाणपण.

म्हणून विचारतो, घाई कशाची? दोन महिन्यांत टायर गोटा होत नाही. मी ब्लेझला विचारलं. तो म्हणाला, बटणं नव्यासारखी उभी आहेत आणि फटींत तांबडी माती सुकलीय. मंगेशा, आपला किनारा पांढरा आहे. तांबडी माती खंयची?

हॉटेलवाले अजून जागा बघत फिरतात का? आमच्या माडांवर त्यांचा डोळा आहे, हे तुला माहीत आहे. मायचा फोनवरचा आवाज मला बरा वाटला नाही. गावपळणीत काय झालं विचारलं तर म्हणाली, "काय जावचा? बरी झाली." एवढंच. आमची माय एका वाक्यावर थांबणारी बाई नव्हे.

लिनो

खाजणवाडी,
६ डिसेंबर २०२५

प्रिय लिनो,

तू टायर विकतोस की पोलिसात लागलास? ब्लेझला मासळी मोजायला ठेवलंय, माझी बटणं मोजायला नाही.

ऐक. उजव्या टायरच्या कुशीला कालवाची धार लागून चीर गेलीय. आतून हवा धरत नाही. शिवाय ओल्या वाळूत गाडी घसरते. परवा पुण्याच्या एक बाई चालवत असताना पार आडवी झाली. एवढं कारण पुरे नाही का? तांबडी माती म्हणशील तर गाडी धुवायला घरी आणतो, घर तांबड्या मातीवर आहे. तू गाव सोडून इतकी वर्षं झाली की माती पण विसरलास?

हॉटेलवाल्यांपैकी एक जण आला होता, गावपळणीच्या आधी. माझीच गाडी घेऊन किनारा फिरला आणि परत आल्यावर तुमच्या माडांकडे बोट दाखवून विचारलं, ती जागा कोणाची. मी म्हटलं, आमच्या बाईंची, आणि त्या विकणार नाहीत. गेला बिचारा.

बाईंना गावपळणीबद्दल सारखं विचारू नकोस. त्या थकल्यात. आणि टायरबद्दल तर त्यांच्याशी अजिबात बोलू नकोस.

साधे कुठलेही टायर पाठव. नक्षी तेवढी वेगळी.

मंगेश

म्हापसा,
९ डिसेंबर २०२५

मंगेश,

काल बाबलीकाकांचा फोन आला. देवाच्या मानकऱ्याने मला आयुष्यात कधी फोन केला नव्हता, म्हणून उभा राहूनच घेतला. म्हणाले, "लिनो, तू टायरवालो. एक फोटो धाडलंय, बघ आणि सांग." फोटो व्हाळाच्या पाण्यालगतच्या चिखलाचा होता. गाव रिकामा असताना कोणीतरी किनाऱ्याकडून आत शिरून व्हाळ ओलांडला. पहिल्या दिवशी ठसा नव्हता, गाव परत आला तेव्हा होता. तो आमच्या फाटकासमोरून मागच्या बाजूला जातो.

बाणाची नक्षी होती, मंगेशा. आणि बाण उलटे.

ठसा खोल आहे. तुझी गाडी एका माणसाची, पण त्या ठशावर दोन माणसांचं वजन आहे. एवढं मला चिखल बघून कळतं, माझी भाकरी त्याच्यावर चालते. तू गावपळण मोडलीस, आणि एकटा नव्हतास.

ब्लेझला परत विचारलं. तो म्हणतो, टायरच्या कुशीला चीर नाही, ओरखडासुद्धा नाही. म्हणजे तू मला खोटं लिहिलंस. मला! आपण दोघांनी एका ताटात पेज खाल्लेली आहे.

मग मी काय समजायचं? गावात चिटपाखरू नाही, घरांना कुलपं, आणि आमच्या माडांच्या जागेची मापं घ्यायची तर याच्याइतकी चांगली वेळ चार वर्षांत येणार नाही. मागे कोण बसला होता? तोच, ज्याला तू 'गेला बिचारा' म्हणतोस? मायला विचारलं तर म्हणाली, "मंगेशाक काय विचारू नुको." तिला कसली भीती घातलीस तू? ती आता सत्तरीच्या पुढची आहे आणि त्या घरात एकटी असते.

बाबलीकाकांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. "बघून सांगतो" म्हटलंय. तू खरं सांग, मागे कोण होतं?

लिनो

खाजणवाडी,
११ डिसेंबर २०२५

लिनो,

मागे हॉटेलवाला नव्हता. तुमच्या जागेला मी हात लावलेला नाही, लावणार नाही. याच्यापुढे सांगता येत नाही. शब्द दिलाय.

बाबलीकाकांना सांगू नकोस. तू तोंड उघडलंस की किनाऱ्यावरची माझी जागा गेली. कोणाची गाडी कुठे उभी राहणार हे देवळातच ठरतं, हे तुला माहीत आहे. शाळेची फी, सलोनीच्या वडलांची औषधं, सगळं त्या जागेवर आहे. दोन आठवडे गप्प राहा. नाताळाला येशील तेव्हा समोर बसून बोलू.

आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. हे मागतोय.

मंगेश

म्हापसा,
१३ डिसेंबर २०२५

मंगेश,

उशीर झाला. बाबलीकाकांना काल सांगितलं.

तुझं पत्र वाचून सांगितलं, आधी नाही, हेही कळू दे. 'शब्द दिलाय' म्हणतोस. कोणाला? ज्याला दिलास तो माझ्यापेक्षा जवळचा असणार. चोर सोडून संन्याशाला फाशी नको म्हणून मी रात्रभर विचार केला, आणि प्रत्येक वेळी तिथेच येऊन थांबलो: जो माणूस टायर बदलून ठसा पुसायला निघतो तो संन्यासी नसतो.

मी एवढंच सांगितलं की हा टायर माझ्या दुकानातला आहे, असा दुसरा आपल्या किनाऱ्यावर नाही, आणि उलटा बसवणारा माणूस एकच आहे. नाव त्यांनी घेतलं.

मला याचं वाईट वाटतंय, पण पश्चात्ताप नाही. माझ्या आईच्या दारात कोण फिरतो, हे विचारायचा मला हक्क आहे.

लिनो

खाजणवाडी,
१७ डिसेंबर २०२५

प्रिय लिनोस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मला हे सांगता आलं नसतं. तू मध्ये बोलला असतास. म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच आणि मगच फोन कर.

गाडीवर मागे मी होते.

२६ नोव्हेंबरला तुझ्या पप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली. दरवर्षी त्या दिवशी मी सिमितेरीत जाते, कबरीवरचं गवत काढते, मेणबत्ती लावते आणि थोडा वेळ बसते. या वर्षी कौलाने गावपळणीचे दिवस नेमके तेच आले. मी ठरवलं होतं की झोपडीतच मेणबत्ती लावायची. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून प्रत्येक गावपळणीला मी सगळ्यांबरोबर बाहेर गेले आहे. तू पोटात असतानाही गेले होते. गावाचा नियम तो माझा नियम, असंच मी धरून चालले.

त्या दिवशी सकाळी मी तुझ्या फोनची वाट पाहिली. दरवर्षी तुझा फोन येतो, आपण दोघं 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणतो. चहा झाला, भाकऱ्या झाल्या, बायका फुगड्या घालायला लागल्या, तरी फोन आला नाही. मला वाटलं, दुकानात गर्दी असेल. मग वाटलं, हा विसरला. आणि मग माझ्या मनात असं आलं की आज जॉनीची आठवण काढणारं या जगात मी सोडून कोणीच नाही, आणि मीसुद्धा त्याला रिकाम्या गावात एकटा टाकून वेशीबाहेर येऊन बसले आहे. ते मला सहन झालं नाही.

मी मंगेशला म्हटलं, मला ने. तो दोनदा नाही म्हणाला. "बाई, माझो देव आसा तो, मी कसो मोडू?" असं म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, मग मी ओहोटीला किनाऱ्याकिनाऱ्याने चालत जाते. माझे गुडघे त्याला माहीत आहेत. मी खरंच उठून चालायला लागले, तेव्हा तो गाडी घेऊन मागून आला. त्या गाडीला मागे बसायची जागा नाही. त्याने उशी बांधली, मला ओढणीने स्वतःच्या कमरेशी बांधलं आणि चालवली. वाटेत लाट आली आणि त्याचा फोन खिशातून पाण्यात गेला. तो उतरायला तयार नव्हता. म्हणाला, "फोन जावंदे, तुम्ही घट्ट धरा."

आपल्या घरासमोरून आम्ही थांबलोसुद्धा नाही. मागच्या पाणंदीने सिमितेरीत गेलो. तो कुंपणाबाहेर उभा राहिला, चपला काढून. मी मेणबत्ती लावली. परत येताना मी त्याच्याकडून वचन घेतलं की हे तुला कधीच कळू द्यायचं नाही. गावाच्या भीतीने नाही, लिनो. तू विसरलास हे तुला कळलं असतं आणि तू स्वतःला खात बसला असतास, म्हणून. तो लगेच म्हणाला, "त्याका कळूक नको. तो आधीच लय विचार करता."

रविवारी त्याला देवळात बोलावलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. सलोनी रडत आली तेव्हा कळलं. मी पोचले तेव्हा बाबली विचारत होते, "मागे कोण होता?" आणि तो एकच उत्तर देत होता, "कोण नाय. मी एकटोच गेल्लंय." बाबली म्हणाले, "लिनोन सांगल्यान, दोन माणसांचा वजन आसा." तेव्हा त्याने मान खाली घातली, पण नाव घेतलं नाही. दोन-तीन जण त्याच्या अंगावर धावून गेले. एकाने चोर म्हटलं.

मी पायरीखालून सांगितलं, मी होते. कशाला गेले तेही सांगितलं. सगळे मागे सरले. यांतल्या निम्म्यांना मी अक्षर शिकवलं आहे. मग बाबली हात जोडून म्हणाले, "बाई, तुमका माफ आसा. तुमचो देव वेगळो. तुमका आमचे नियम काय म्हायत?"

लिनो, मला ते शब्द फार लागले. पन्नास वर्षं मी या गावाबरोबर बाहेर गेले आणि गावाबरोबर आत आले. त्या एका वाक्याने मला पाहुणी केलं. मला शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं.

मंगेशला माफी नाही. तो गावकर, त्याला नियम माहीत होता, असं ठरलं. पुढच्या गावपळणीपर्यंत, म्हणजे चार वर्षं, त्याची गाडी किनाऱ्यावर उभी राहणार नाही. मी हात जोडले, पण कोणी ऐकलं नाही. तो मला घरी सोडायला आला आणि वाटेत म्हणाला, "बाई, लिनोक कळवू नकात हां." हे झाल्यावरसुद्धा. मी त्याला म्हटलं, आता मी कळवणार, आणि तू मला थांबवू शकत नाहीस.

तू वाईट मुलगा नाहीस. माझ्या काळजीनेच तू हे केलंस, हे मला समजतं. पण माझी काळजी होती तर एकदा येऊन विचारायचं होतंस, बाळा. दोन-अडीच तासांचा रस्ता आहे.

तुझी,
माय

म्हापसा,
१९ डिसेंबर २०२५

मंगेशा,

कशी सुरुवात करू कळत नाही. तीन कागद फाडले.

मी बाबलीकाकांना फोन केला. सांगितलं की चूक माझी, शिक्षा द्यायची तर आमच्या घराला द्या, आमचं कुटुंबही या गावचं आहे. ते म्हणाले, "तू गावात रवतंस खंय?" आणि फोन ठेवला. उद्या परत करणार आहे, परवाही करणार आहे.

तू मला वाचवत होतास आणि मी चिखलातल्या ठशावरून तुझं वजन करत होतो. दोन माणसं होती हे मी बरोबर ओळखलं आणि त्याचा मला गर्व वाटला, खरंच वाटला. दुकानातल्या पोरांना सांगितलंसुद्धा. आता त्या पोरांकडे बघवत नाही.

२६ तारखेला मी काय करत होतो ते आठवायचा प्रयत्न केला. काही विशेष नाही. दुकान उघडलं, जेवलो, झोपलो. पप्पांचा दिवस असाच निघून गेला.

मला माफ कर असं लिहिण्याची माझी लायकी नाही, तरी लिहितो. माफ कर. गाडी इकडे पाठव. आमच्या ओळखीने कांदोळीच्या किनाऱ्यावर लावू, टायर माझे, चालवायला माणूस माझा, येईल ते तुझं. काहीतरी सांग. शिवी दे, पण लिही.

तुझा,
लिनो

खाजणवाडी,
२१ डिसेंबर २०२५

लिनो,

बाई दोन वेळा येऊन गेल्या, लिही म्हणून. म्हणून लिहितोय.

गाडी गोव्याला पाठवणार नाही. ती ताडपत्रीखाली आहे, तिथेच राहील. मी रापणीवर जायला लागलोय, जाळं ओढायला. हातांना सवय नाही, पण होईल. सलोनी खानावळ घालायचं म्हणते. आमचं काही अडणार नाही.

बाबलीकाकांना फोन करू नकोस. नियम मी मोडला, जाणूनबुजून मोडला, आणि पुन्हा बाई तशा चालायला लागल्या तर पुन्हा मोडीन. त्या शिक्षेचं मला दुःख नाही. देवासमोर मी माझं गाऱ्हाणं घातलंय, त्याचं आणि माझं तो बघून घेईल. लोकांनी चोर म्हटलं, तेही जाईल. लोक विसरतात.

पण तू टायर ओळखलास आणि मला ओळखलं नाहीस, हे काही केल्या मनातून जात नाही. तुझ्या जागी मी असतो तर काय केलं असतं याचा मी खूप विचार केला. मी रागावलो असतो, शिव्या दिल्या असत्या, पहिली एसटी धरून येऊन तुझी गचांडी धरली असती. पण परक्या माणसाला तुझं नाव दिलं नसतं.

नाताळाला ये. बाईंनी नेवऱ्यांचं सारण करून ठेवलंय, आणि त्या वाट बघतात, बोलून दाखवत नाहीत एवढंच. आल्यावर आधी सिमितेरीत जा. त्यांना बरोबर ने, हात धरून, सावकाश. व्हाळावरची फळी सैल झालीय, तिथे जपून.

जाताना माझ्या दारावरून जाशील. हाक मारू नकोस. तुझ्या हाकेला ओ द्यायची मला लहानपणापासूनची सवय आहे, आणि अजून मला ती द्यायची नाहीये.

मंगेश